टांगानिकाहून माझ्या नावाचं पाकीट

टांगानिका नावाचा देश आता कुठे नाहीच म्हणे. आफ्रिकेत होता, इंग्रजांचं राज्य होतं, ते गेले आणि नाव पण गेलं. पण हावड्यासमोर, नदीच्या अलीकडे, आमच्या गार्डन रीचच्या क्वार्टरात तो होता, कपाटाच्या वरच्या खणात, आणि मी त्याच्यावर जळायचे. सवतीवर जळावं तशी.

आमचे हे रेल्वेच्या कचेरीत, आणि ह्यांना नाद त्या देशाच्या जुन्या पाकिटांचा. तिकिटांचा नाही हं, तिकिटं सगळेच जमवतात. ह्यांना हवा तो पोस्टाचा काळा गोल शिक्का. भिंग लावून बघत बसायचे. बाळ रडून रडून लाल, मी म्हणायचे, अहो घ्या ना जरा, तर, "थांब गं, गावाचं नाव लागतंय." जवळ गेले की, "तेलाचे हात! लांब हो, डाग पडेल." आता बाळाला रोज तेल लावणाऱ्या बाईचे हात कशाचे असणार?

आणि एक दीदी होती. हावड्याची, कॉलेजात शिकवणारी, तिलाही हाच नाद. तिचे हात चालायचे. आम्ही जेवायला बसलो की फोनवर तिच्याकडून फोटो यायचा, कुठल्यातरी शिक्क्याचा, आणि ह्यांचा घास हातातच. रविवार आला की हे लाँचने नदीपलीकडे, तिच्याकडे. मी आठवी नापास, हिंदी मोडकी, बंगाली तर नाहीच, बाळाला घेऊन खालच्या दुकानात जायचं तरी जिन्यातून दोनदा मागे फिरायचे. त्यात एकदा हे बोलून गेले, "बाळ जरा मोठं होईपर्यंत तू जालन्याला आईकडे राहतेस का?" मनात म्हटलं, झालं. इथे ती दीदी आणि तो टांगानिका, आणि मी जालन्यात.

पुढच्या रविवारी बाळाला कडेवर घेतलं आणि म्हटलं, मी पण येते. लाँचवर पाण्याकडे पाठ करून बसले, पण गेले. दीदी दारातच, "एशो बौदी, एशो!" म्हणजे या वहिनी, या. बाळाला तिने घेतलं आणि ते चक्क हसलं, गद्दार. मग दोघांची डोकी टेबलावर. खिदिरपूरच्या गोदीतला एक ओळखीचा खलाशी आफ्रिकेत तिकडेच निघाला होता. आपलाच पत्ता घालून रिकामी पाकिटं त्याच्याकडे द्यायची, तो तिकडे उतरून तिथलं तिकीट लावणार आणि पेटीत टाकणार, म्हणजे तिथला आजचा शिक्का घरी येणार, जुन्याच्या शेजारी लावायला. मी कोपऱ्यात चहा पीत बघत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढे कधीतरी दुपारी पोस्टमनने खालून हाक मारली, माझ्या नावाने! मला जन्मात कधी पत्र आलं नव्हतं, माहेरचे फोनच करतात. पाकिटावर इंग्रजीत माझं नाव, अक्षर ह्यांचं. वाटलं, तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून लिहिलंय, जालन्याला जा. तशीच बोट घालून फाडलं, तेलाच्या हातांनी. आत एक कोरा पुठ्ठा. उलटा केला, तिकडूनही कोरा.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं आणि ओरडलेच, "अगं, काय केलंस हे! तिकडून आलेलं पाकीट असं फाडतात का?"

"माझ्या नावाचं होतं."

"तुझं म्हणजे काय, घरचं पाकीट म्हणून घरच्या बाईचं नाव घातलं."

"मग आत काही का नाही?"

"आत कोण लिहितं? पुठ्ठा असतो, पाकीट वाकू नये म्हणून."

मला रडूच फुटलं. "आणि मी जालन्याला गेले, की मग कुणाचं नाव घालणार?"

हे पाकीट खाली ठेवून म्हणाले, "वेडी आहेस का? जिना चढताना दम लागतो तुला, म्हणून विचारलं होतं." खरं होतं का, देव जाणे. पण त्या दिवशी भिंग काही बाहेर निघालं नाही.

आता तो खलाशी पुन्हा तिकडे गेलाय. ह्या वेळी मी हट्टच धरला, आत लिहा. ह्यांनी पाठ फिरवून पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं, मी डोकावले तर हाताने झाकलं, आणि चिकटवून टाकलं. दीदीला कळलं तर फोनवर हसत सुटली, "बौदी, इस बार कैंची से!" तिच्या पाकिटात कोराच पुठ्ठा आहे, मी विचारून घेतलं.

जालन्याचं नाव ह्यांनी परत काढलेलं नाही. पण काय लिहिलंय ते सांगत पण नाहीत. खाली पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी बाळाला उचलून खिडकीशी पळते. कात्री खिळ्याला अडकवून ठेवलीय. पण तेवढा धीर मला व्हायचा नाही, मी फाडणारच.