तुडवायची जलपिंपळी

विकासनगरात मधुमती माईणकरांच्या फाटकातून आत शिरणाऱ्याला दोन हुकूम ऐकावे लागत. पहिला, "चपला बाहेर." दुसरा, "सरळ दाराकडे येऊ नका, अंगणातून एक फेरी मारून या." मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर बँकेतले मोठे साहेब असोत. गॅसवाला तर खांद्यावर सिलिंडर घेऊन फेरी मारायचा, कारण वजनदार माणसाचे पाय जास्त चांगले असं बाईंचं मत होतं. फेरीनंतर त्याला चहा मिळे. साहेबांना बूट-मोजे काढून पँट दुमडावी लागली होती, आणि त्या दिवशी तिचे यजमान विश्वासराव लाजून अर्धे झाले होते.

"अगं, ते माझे बॉस आहेत!"

"असू देत. पाय आहेत ना त्यांना?"

ह्या वेडामागचं कारण जमिनीत होतं. विश्वासरावांची बदली लखनौला झाली आणि अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी हे घर घेतलं. पुढे अंगण छान ऐसपैस, पण माती चोपण. इकडे ऊसर म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी खपली धरायची आणि पावसाळ्यात साबणासारखा चिखल. मधुमती मिरजेची, कृष्णाकाठच्या काळ्या मातीत वाढलेली. जमीन तिला नाही म्हणते म्हणजे काय? तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी दूब, म्हणजे आपली हरळी, लावली, ती जळली. परत लावली, परत जळली. तिसऱ्यांदा माळ्याने हात जोडले, "बहनजी, यहाँ सीमेंट करा लीजिए."

सिमेंट म्हटल्यावर बाईंचं डोकं तडकलं. त्याच रागात ती भाजीला निघाली आणि कोपऱ्यावरच्या हातपंपापाशी थबकली. पंपाभोवतीची जमीन तशीच पांढरी, खारवट. पण तिच्यावर एक वेल जमिनीला घट्ट चिकटून पसरली होती. बारीक पानं, त्यांतून वर आलेली बोटभर देठांची फुलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी, पांढरी, जराशी जांभळट. बायका तिच्यावर बादल्या आपटत होत्या, पोरं नाचत होती, आणि वेल मजेत होती. मधुमतीने ओळखलं. ही जलपिंपळी! माहेरी ओढ्याकाठी पायाखाली असायची, तिच्याकडे कधी कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. तिने तिथेच बसून पिशवीभर उपटली. भाजी राहिली ती राहिलीच.

"बहनजी, ये तो बुक्कन है. नाली पे उगता है," माळी म्हणाला.

"लोक लॉन लावतात, आमच्या सौभाग्यवती तण लावतात," विश्वासराव म्हणाले.

तिने दोघांनाही हिंग लावून विचारलं नाही. वेलीचे वीतभर तुकडे केले, प्रत्येकाला दोन-तीन पेरं येतील असे. खुरप्याने चर पाडून ते आडवे ठेवले, वर माती लोटली आणि टाचेने दाबत गेली. पेराला माती भिडली की मूळ फुटतं, आणि माती भिडायची तर वरून पाय पडायला हवा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हातपंपाने शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षी अंगणात मातीचा ठिपका दिसेना. तुडवली की वेल जमिनीलगत दाट होत जायची. कुणी फिरकलं नाही तर मात्र उंडारल्यासारखी वर चढायची आणि खाली टक्कल पडायचं. म्हणून तो दुसरा हुकूम.

सगळ्यांत जास्त पाय विश्वासरावांचे पडले. चेष्टा करायचे, पण रोज सकाळी हातात पेपर धरून अनवाणी वीस फेऱ्या. "ह्या कोपऱ्यात कमी पडतायत हो," असं ती खिडकीतून ओरडली की निमूटपणे त्या कोपऱ्यात जायचे. इतका गुणी माणूस!

आणि वर्षातून एकदा चैत्राचा पहिला शुक्रवार. लखनौतल्या दहा-बारा मराठी बायका चैत्रातल्या एकेका शुक्रवारी एकेकीकडे हळदीकुंकवाला जमत. कुणी बँकेतल्या, कुणी छावणीतल्या फौजी घरच्या. पहिला शुक्रवार ठरलेला मधुमतीचा. आदल्या दिवशी ती कात्री घेऊन एकूण एक फूल छाटायची, कारण फुलांवर मधमाश्या यायच्या आणि बायका अनवाणी. मग दुसऱ्या दिवशी अंगणात कैरीची डाळ, पन्हं, आणि तळपायांना गुदगुल्या होतात म्हणून भरल्या वयाच्या बायकांचं खिदळणं.

पंचाण्णवच्या श्रावणात विश्वासराव बँकेत टेबलाशी बसल्या बसल्या गेले. चहाचा कप हातात होता म्हणे.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. फाटकातून पहिलाच माणूस सवयीने अंगणाकडे वळला आणि मधुमती आतून किंचाळली, "तिथे पाय ठेवू नका!" माणूस दचकून मागे सरला. गेले त्या दिवशी सकाळी विश्वासरावांनी वीस फेऱ्या मारल्या होत्या. शेवटचे पाय त्यांचे होते, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला तिला सोसणार नव्हता. दहाव्यानंतर तिने चारी बाजूंनी विटांची रांग लावली. पोस्टमन फाटकातूनच पत्र द्यायला लागला, गॅसवाला कडेकडेने जायला लागला. ती रोज दोन वेळा पाणी घालायची, शेणखत घालायची, बाहेर बसून राखण करायची. पण पाय, तेवढे नाहीत.

असं कसं बाई, जिने जगाला तुडवायला लावलं तिला एवढं कळू नये? कळत होतं हो. पण दुःखात माणूस स्वतःचंच म्हणणं विसरतो.

थंडीत वेल तपकिरी झाली. दर वर्षीच व्हायची आणि फेब्रुवारीत परत हिरवी यायची. ह्या वर्षी शेंड्यांना चार पानं आली, बस्स. तिची मुलगी शर्मिष्ठा, कॉलेजात शिकणारी, एका रविवारी विटा ओलांडून खाली बसली आणि तिने वरचा झाप उचलून बघितला. खाली सुकलेल्या काड्या आणि पांढरी खपली.

"आई, नीचे तो कुछ है ही नहीं."

"रोज पाणी घालते की मी."

"पानी नहीं, इसको पैर चाहिए. सबको चिल्ला-चिल्ला के तूच सांगायचीस ना?"

"बाबांचे पाय आहेत गं त्याच्यावर."

शर्मिष्ठाने उचललेला झाप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "जिन पत्तों पे बाबा चले थे, वो तो कब के झड़ गए, आई."

मधुमती दिवसभर तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शर्मिष्ठा उठून बाहेर आली तर विटा बाजूला रचलेल्या, पदर खोचलेला, आणि आई विळ्याने वेल कापतेय. कापून झाल्यावर मायलेकींनी वर माती पसरली, पाणी दिलं आणि तुडवायला लागल्या. आठ दिवस तुडवलं. दोघींच्या पायांनी जेमतेम कडेची पट्टी दबली, मधला भाग कोरडा राहिला. उन्हाळा चढायच्या आत मुळं धरली नाहीत तर सगळंच जाणार होतं. हे दोघींचं काम नव्हतंच, इथे माणसं हवी होती.

तेवढ्यात दोन गल्ल्या सोडून राहणारी कांचन आली. फाटकाबाहेरच उभी राहिली.

"वहिनी, ते तुमचं मोठं पातेलं हवं होतं. डाळीसाठी."

"कसल्या डाळीसाठी?"

कांचनने मान खाली घातली. "पहिला शुक्रवार यंदा माझ्याकडे ठेवलाय. पद्मिनीवहिनींनी ठरवलं."

पद्मिनीवहिनी म्हणजे गोमतीनगरच्या, सगळ्यांत वडील. हळदीकुंकवाची यादी त्या करायच्या. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत हे मधुमतीला काय माहीत नव्हतं? तिने स्वतःच आजवर कुणाला बोलावलं होतं? तरी तिने विचारलंच.

"मी यायचं का गं?"

"या ना... म्हणजे बायका गेल्यावर. फराळाला."

"अस्सं! माझं पातेलं चालतं, मी चालत नाही. पातेलं सवाष्ण आहे होय गं?"

कांचनला रडू कोसळलं. मधुमतीने आत जाऊन पातेलं आणलं आणि तिच्या हातात आदळलं. वर म्हणाली, "घासूनपुसून आण." कांचन गेल्यावर मात्र ती पायरीवर बसून मनसोक्त रडली. आपल्याला वगळलंय, आणि तेही किती हळुवारपणे!

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि शर्मिष्ठाला म्हणाली, "लुना काढ."

दोन दिवसांत अकरा घरं झाली. जानकीपुरम, छावणी, सगळीकडे. प्रत्येक दारात एकच वाक्य. "हळदीकुंकवाला बोलवायला आले नाहीये, तो मान माझा राहिला नाही म्हणतात. पण अंगण मरायला टेकलंय. दुसऱ्या शुक्रवारी चार वाजता या आणि तुडवून जा." कुणी हो म्हटलं, कुणी चहा पाजून विषय बदलला. पद्मिनीवहिनी गोमतीनगरच्या बाल्कनीत खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बघते."

दुसऱ्या शुक्रवारी चार वाजले. साडेचार वाजले. मधुमती अंगणाला पाणी मारून दारात बसली होती. "येत नाहीत कुणी," ती शर्मिष्ठाला म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक निघाला की पोरीने तिचा हात धरला.

पावणेपाचला कांचन आली, लख्ख घासलेलं पातेलं घेऊन. त्यात डाळ होती. मग छावणीतून जीपमध्ये दाटीवाटीने चौघी. मग जानकीपुरमच्या. एकेकीने फाटकाशी चपला काढल्या आणि हुकमाची वाट न बघता अंगणात शिरल्या. सुरुवातीला सगळ्या गप्प, प्रेतयात्रेला आल्यासारख्या.

"अगं जोर लावा जरा! फुलं वेचायला आलात का?" मधुमती ओरडली, आणि एकदम हास्याचा फुगा फुटला. मग काय, कुणी फुगडीच धरली. चिखल साड्यांवर उडाला.

पद्मिनीवहिनी सगळ्यांत शेवटी, सायकल रिक्षातून. गुडघे दुखरे. मधुमतीच्या खांद्यावर हात टेकून त्यांनी पूर्ण अंगणाची एक फेरी मारली, मधल्या कोरड्या भागात जास्त दाबून दाबून. फेरी झाली तशा थांबल्या.

"कुंकू कुठंय?"

फुगडीवाल्यांचे हात मध्येच सुटले.

"आत आहे," मधुमती म्हणाली. "शर्मिष्ठा आणेल. लावा तुम्ही एकमेकींना."

"एकमेकींनाच लावायचं तर गोमतीनगरहून हाडं खिळखिळी करत इथवर कशाला आले असते? तू लाव."

"वहिनी, मी..."

"यादीतनं तुझं नाव मी काढलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. महिना झाला, मला जेवण गोड लागत नाहीये. लाव म्हणते ना."

शर्मिष्ठाने करंडा आणला. मधुमतीने इतक्या घाईने बोट टेकवलं की अर्धं कुंकू वहिनींच्या नाकावर सांडलं. कुणीतरी हसू दाबलं. वहिनींनी ते पुसलं नाही. मधुमतीच्या हातातून करंडा काढून घेतला आणि स्वतःचं बोट त्यात बुडवलं.

मधुमती झटकन मागे सरकली.

"मागे कुठे जातेस?" वहिनी म्हणाल्या. "पाय रोवून उभी राहा."

मधुमतीला रडू आवरेना, पण ती उभी राहिली.