शिट्टीबाईंची दोरी

माझ्या मेहुणीने चौदा वर्षांपूर्वी माझी होडी लावायची लाकडी जेटी कापली. तीन फळ्या. त्या तीन फळ्यांचं मी घराच्या मागच्या दारी बाकडं केलं, आणि माझी बायको रोज दुपारी चारला तळ्याकडे पाठ करून त्या बाकड्यावर बसते. बसायची, असं आता म्हणायला हवं. ते कसं, ते सांगतो. पण आधी मेहुणीची ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर तुम्ही तिला वाईट समजाल, आणि तिला वाईट म्हणायचा हक्क फक्त माझा आहे.

मी शिंपी. तळ्याकाठच्या रस्त्यावर माझं दुकान आहे, त्यामुळे तळ्यावरचं सगळं मला मशीनवर बसल्या बसल्या दिसतं. मेहुणी म्हणजे बायकोची पाठची बहीण. ती या तळ्याची निरीक्षक. कागदावर तिचं पद चांगलं दीड ओळ लांब आहे, पण सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, म्हणून गळ्यात शिट्टी.

आमचं तळं मधोमध अरुंद आहे, झगा कमरेत घ्यावा तसं. इकडच्या होड्या तिकडे आणि तिकडच्या इकडे जायच्या तर त्या चिंचोळ्या जागेतूनच. मेहुणी यायच्या आधी तिथे नुसता गोंधळ होता. गळ टाकून बसलेल्यांच्या दोऱ्या मोटरबोटींच्या पंख्यात अडकायच्या, वल्हंवाले मोटरवाल्यांना शिव्या घालायचे, आणि मासे बिचारे कुणाच्याच वाट्याला यायचे नाहीत. मेहुणीने पहिले पंधरा दिवस काहीच केलं नाही. काठावर एक स्टूल टाकून वहीत टिपणं काढत बसली. लोक म्हणाले, हिला पगार बसायचाच मिळतो वाटतं. सोळाव्या दिवशी तिने तीन नियम काढले. सकाळी नऊपर्यंत इंजिन बंद. चिंचोळ्या जागेत वल्ह्याची होडी आधी. आणि ज्याचा गळ पाण्यात आहे, त्याला सगळ्यांनी वळसा घालायचा, मग तो कितीही रिकामटेकडा का असेना.

एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जा. लांब शिट्टी म्हणजे तुमचा नंबर पाटीवर.

ही पाटी हीच मेहुणीची खरी अक्कल. ऑफिसच्या ओटीवर भिंतीला एक काळी पाटी टांगलेली आहे. चूक केली की होडीचा नंबर आणि चूक, खडूने, मोठ्या अक्षरात. दंड नाही, अर्ज नाही. नंबर सात दिवस राहतो, आणि मग ज्याचं नुकसान झालं त्यानेच यायचं आणि आपल्या हाताने तो पुसायचा. एकदा लॉजवाल्याच्या बोटीने रिटायर पोस्टमनचा गळ तोडला. सात दिवस लॉजवाला तोंड लपवत फिरला. आठव्या दिवशी पोस्टमनने नंबर पुसला, लॉजवाल्याने त्याला चहा पाजला, आणि आता दोघे एकाच होडीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढतात.

याच लॉजवाल्याने पुढे काठावरचं पाणगवत काढून सिमेंटची भिंत घालायचा घाट घातला होता. मेहुणी त्याच्याशी एका शब्दाने भांडली नाही. सकाळी उजाडता उजाडता त्याला होडीत घातलं, गवतात नेलं आणि म्हणाली, "हात घाला पाण्यात." त्याने घातला. बोटांभोवती नखाएवढी पिल्लं गोळा झाली. "ही मोठी झाली की गळवाले येतात," ती म्हणाली, "आणि गळवाले आले की तुमच्या खोल्या भरतात." भिंत बारगळली. आता तो पाहुण्यांना ते गवत कौतुकाने दाखवतो आणि ते जपायची कल्पना आपलीच होती असं बिनदिक्कत सांगतो. मेहुणी ऐकून मान डोलावते.

आता जेटीचं. तळ्याला चांगले दिवस आले तशी घराघराला जेटी हवी झाली. दोन्ही काठांवरून जेट्या वाढल्या असत्या तर चिंचोळी जागा बंदच पडली असती. म्हणून मेहुणीने मर्यादा घातली, काठाच्या दगडापासून बारा मीटर, त्यापुढे बोटभरही नाही. मोजायला खात्याने लोखंडी टेप दिला होता, तो पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून पाण्यात गेला. नवा येईपर्यंत म्हणून तिने कोरी सुती दोरी आणली आणि चार लोकांसमोर बारा मीटर मोजून मीटरामीटराला गाठ मारली. नवा टेप अजून यायचा आहे.

पहिली जेटी तिने मुद्दाम आमची मोजली. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको. त्या दिवशी दोरी सकाळपासून होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात लोळत होती. तिने एक टोक दगडाला लावलं, दुसरं धरून चालत गेली. दोरी संपली, आणि पुढे माझ्या तीन फळ्या उरल्या.

"बाराच मीटर आहे," मी म्हणालो. "माझ्या टेपने मोजली आहे."

"भाऊजी, दोरी समोर आहे."

माझा संताप कसा असतो ते माझी गिऱ्हाइकं सांगतील. मी नको ते बोललो. मेहुणीने ऐकून घेतलं आणि जाऊन पाटीवर लिहिलं. सत्तावीस नंबर, जेटी तीन फळ्या जास्त. सत्तावीस आमच्या होडीचा नंबर, आणि सत्तावीस म्हणजे शिंपी, हे तळ्यावरच्या बदकांनाही ठाऊक. सात दिवसांनी तळ्याच्या वतीने तिनेच तो नंबर पुसला, पण लोकांच्या तोंडावरून कोण पुसणार? "मास्तर, पँट तीन फळ्या जास्त शिवू नका," हे मी चौदा वर्षं ऐकतो आहे. आधी चिडायचो. मग हसायला लागलो. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की आपलंच माप चुकलं असेल.

बायको मात्र कधीच हसली नाही. त्याआधी दोघी बहिणी रोज चारला ऑफिसच्या ओटीवर चहा प्यायच्या. लहानपणापासून एकमेकींवाचून ज्यांचं पान हलत नव्हतं, त्या. पाटीवर नंबर लागला त्या दिवसापासून बायको ऑफिसची पायरी चढली नाही. धाकटी घरी आली की ही तिला वाढायची, "घे अजून" म्हणायची, जसं पाहुणीला म्हणतात. "टेपवर तुमचं पोट," ती मला एकदा म्हणाली, "आणि तुमचा टेप खोटा, असं जगाला सांगितलं कुणी, तर माझ्या पाठच्या बहिणीने." ऑफिसच्या फडताळात मेहुणीने मात्र दोन कप तसेच ठेवले होते. मी गणवेशाचं माप घ्यायला गेलो की मला दिसायचे. दुसऱ्या कपातून मला तिने कधी चहा दिला नाही.

यंदा खात्याने सगळ्या जेट्यांची नव्याने मोजणी काढली. मोजणीवाल्या बाई आल्या, त्यांच्याकडे लाल ठिपका टाकणारं यंत्र. काठाने एकेक जेटी मोजत निघाल्या. बारा चाळीस, बारा पस्तीस, बारा चाळीस. मग आमची, अकरा दहा. बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा मोजली. अकरा दहा. मेहुणी शेजारी उभी होती, तिने शिट्टी नुसतीच तोंडात धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरी खांद्यावर टाकून माझ्या दुकानात आली. "भाऊजी, तुमचा टेप बरोबर होता. माझी दोरी चुकली. पण कशी चुकली ते कळत नाही. गाठी मी सगळ्यांसमोर मारल्या होत्या."

मी दोरी हातात घेतली आणि कुणीतरी थोबाडीत मारावी तसं मला झालं. सुती कापड आधी भिजवायचं आणि मगच कापायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कोरं सूत पाण्यात गेलं की आटतं. गेली तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हे व्याख्यान देतो आहे, आणि माझ्याच जेटीवर ओली दोरी ताणलेली समोर दिसत असताना मी टेपच्या नावाने भांडत बसलो.

शेजारच्या दुकानातून कपडे वाळत घालायची कोरी दोरी आणली. चार मीटर मोजली आणि कापड भिजवायच्या बादलीत बुडवली. तासाने काढून मोजली, तीन सत्तर.

"आणि पुढे वर्षानुवर्षं ओढून ओढून तुझी दोरी लांबली," मी म्हणालो. "म्हणून बाकीच्यांचं फावलं."

"म्हणजे मी निरीक्षक असून..."

"आणि मी शिंपी असून."

आम्ही दोघे इतके हसलो की फिटिंगला आलेलं गिऱ्हाईक दारातून परत गेलं. हसून झाल्यावर मी तिला म्हणालो, जाऊ दे, झालं गेलं. मोजणीचे कागद खात्यात जातील, इथे कोण वाचतंय? मीच जास्त कापली असेल असं म्हणतील. तुझी दोन वर्षांनी रिटायरमेंट, कशाला उगाच नाव घालवतेस?

तिने डोळे पुसले, दोरी गुंडाळली. "मग पाटी कशाला आहे, भाऊजी?"

दुपारच्या आत पाटीसमोर गर्दी जमली. ऑफिसच्या होडीचा नंबर एक. तिने लिहिलं होतं: "एक नंबर. ओल्या दोरीने मोजलं. सत्तावीसच्या तीन फळ्या उगाच कापल्या, बाकीच्यांच्या लांब राहू दिल्या. चौदा वर्षं." लोक आधी हसले, मग आपापली जेटी आठवून डोकं खाजवू लागले. पुढच्या डागडुजीला प्रत्येकाने जास्तीचं कापायचं, असं ठरलं. लॉजवाल्याने तर त्याच दिवशी करवत मागवली, तीही चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

पण नंबर पुसायचा कुणी? ज्याचं नुकसान झालं त्याने. सत्तावीस नंबरची होडी माझ्या बायकोच्या नावावर आहे.

मी घरी येऊन सांगितलं. ती बाकड्यावर मटार सोलत होती, तळ्याकडे पाठ. "ओली होती?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. पुढे पातेलं भरेपर्यंत ती मटारच सोलत राहिली, आणि मला खरंच भीती वाटली. ही गेली नाही तर तो नंबर तिथे जन्मभर राहील, आणि मेहुणी तो स्वतः पुसणाऱ्यांतली नव्हे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बायकोने चपला घातल्या. मी अर्धी बाही मशीनवर तशीच टाकून मागोमाग निघालो. ती ऑफिसच्या पायऱ्या चढली, कठड्याला धरून, एकेक. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मेहुणी आतून ओलं फडकं घेऊन आली आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. बायकोने ते घेतलं, घट्ट पिळलं आणि कठड्यावर वाळत घातलं.

"सात दिवस राहू दे. आमचा राहिला होता."

"हो, ताई."

"मध्येच कुणी पुसला तर? मी रोज येऊन बघणार आहे."

"ये," मेहुणी म्हणाली.

बायको खुर्ची ओढून बसली. "चहा टाकतेस, की तोही दोरीने मोजून देणार?"

दोन्ही कप फडताळातून निघाले. मला तिसरा कप नव्हता, म्हणून मी दुकानात परत आलो आणि बाही उलटी लावली.

सातही दिवस ती गेली. शेवटच्या दिवशी तिने पाटी कोपऱ्यांसकट स्वच्छ पुसली. त्या संध्याकाळी मी विचारलं, फळ्या परत जेटीला ठोकू का? "नको," ती म्हणाली, "बाकडं चांगलं झालंय. नुसतं तोंड फिरवा."

मी बाकडं फिरवलं. आठव्या दिवशी चारला पाहतो तर ती पुन्हा चपला घालत होती.

"पाटी पुसलीस ना? आता काय बघायला चाललीस?"

"कोरी आहे की नाही, ते नको बघायला?"

रोज बघते. बाकडं आता तळ्याकडे तोंड करून आहे, आणि चार वाजता त्यावर मला एकट्यालाच बसावं लागतं.