झोपेच्या खोलीतली खुर्ची

माझी आत्या अख्ख्या गल्लीची मावशी होती. आयुष्यभर तिनं पाळणाघर चालवलं. घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरून दुसऱ्यांची मुलं झोपवली. हट्टी, रडकं, दात येणारं, कसलंही पोर तिच्या हाताखाली बघता बघता गाढ झोपायचं. आतोबा म्हणायचे, "हिनं थोपटलं तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद पडेल."

मग गुडघे कुरकुरू लागले आणि पाळणाघर बंद झालं. आत्यानं घरातली सगळी कपाटं आवरली, नंतर आमची आवरायला आली. शेवटी तिची एक मैत्रीण तिला केंद्रात घेऊन गेली.

केंद्र म्हणजे बाजारामागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना चढताना रबराचा वास यायचा. रात्र रस्त्यावर काढणाऱ्या, रात्रीच ज्यांचा धंदा चालतो अशा, घरातून हाकललेल्या बायका तिथे दिवसा येत. आंघोळ करत, कपडे धूत, चहा घेत. नाव सांगायची सक्ती नव्हती. तिसऱ्या खोलीत खाटा होत्या आणि पडदे कायम ओढलेले. बाहेर रात्री डोळा लागू देऊन चालत नाही, म्हणून इथे दिवसा झोपायचं. दारात एक खुर्ची होती. तिच्यावर कुणीतरी जागं बसायचं, एवढंच काम.

"नुसतं बसायचं?" आत्यानं विचारलं.

"बसायचं आणि गप्प बसायचं," केंद्र चालवणारी ताई म्हणाली.

हे ऐकून आतोबांना हसू आवरेना. "गप्प? तू? संध्याकाळपर्यंत परत पाठवतील."

पाठवलं नाही. आत्याला ती खोली आवडली. भिंतीला पाठ टेकून, खाटांकडे तोंड करून ती बसायची, पाळणाघरात बसायची तशीच. कुणाची उशी घसरली, कोण कण्हतंय, तिला लगेच कळायचं.

आणि एकीला झोप लागत नाही, हेही कळलं. सगळ्या तिला बूटवाली म्हणत. पायांत पुरुषी, जाडजूड बूट, नाड्या आवळलेल्या. खाटेवरही ते निघत नसत. पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून ती डोळे मिटून पडायची, पण पापण्या थरथरत राहायच्या. आत्यानं मनावर घेतलं. हिला एकदा तरी नीट झोप लागली पाहिजे.

एका थंडगार दुपारी ती लागली. तोंड किंचित उघडं पडलं, पट्ट्यावरची मूठ सैल झाली. आत्याला राहवलं नाही. तिनं आपली शाल काढली आणि हलकेच तिच्या अंगावर घातली.

बूटवाली किंचाळत उठली. तिच्या बुटाची लाथ आत्याच्या हनुवटीवर बसली. खोलीतल्या सगळ्या जाग्या झाल्या. बूटवालीनं शाल भिरकावली, चार शिव्या हासडल्या आणि पिशवी उचलून जिना उतरून गेली.

ताईनं फडक्यात बर्फ आणून दिला. "तुम्ही मायेनंच केलंत, मावशी. पण झोपेत अंगावर काही आलं, की यांना माया नाही आठवत."

घरी निळी हनुवटी बघून आतोबा चिडले. "पुरे झालं आता. उद्यापासून जायचं नाही."

"अहो, मला कुठं काय झालंय? तिची झोप मोडली ना माझ्या हातानं. किती दिवसांनी लागली होती."

आत्या जात राहिली. बूटवाली मात्र फिरकली नाही. मग एका सकाळी ती आली आणि बाहेरच्या बाकावरच चहा घेऊन बसली. डोळे लालभडक. पेंगत होती, कप कलत होता. आत्या जवळ गेली नाही. दोन हात लांब उभी राहून म्हणाली, "आत खाट रिकामी आहे."

"आत तुम्हीच ना?"

"हो."

"मग नको."

"चुकले गं मी. परत हात लावणार नाही."

"हाताचं जाऊ द्या. तुम्ही बघत बसता."

"म्हणजे?"

"आमच्याकडे तोंड करून बसता ना? डोळे मिटले तरी कळतं, कुणीतरी टक लावून बघतंय. आम्ही काय पळून जाणार आहोत? येणारा येतो तो दारातून."

आत्या वळली. आत गेली, खुर्ची उचलली. ओढली असती तर आवाज झाला असता. दाराकडे तोंड करून ठेवली आणि खाटांना पाठ करून बसली. आता समोर जिन्याचा कठडा, नळ आणि ताईचं टेबल.

"वर कुणी आलं, तर पहिली मी दिसेन त्याला," ती म्हणाली.

बूटवालीनं कप बाकावर ठेवला. मग बाजूनं आत गेली. खाट करकरली.

आत्याची मान अवघडली. वळून बघायची सवय अशी सुटते का? एकेका पोरावरून नजर फिरवल्याशिवाय तिची एक दुपार गेली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं मागे नाड्या सुटल्याचा आवाज आला, सर्र सर्र. काहीतरी जड जमिनीवर टेकलं. त्यानंतर काहीच नाही. आणि मग घोरणं सुरू झालं, असं दणदणीत, की पलीकडच्या खाटेवरची वैतागली.

"अहो मावशी, ही लॉरी कुणी आणली आत? जरा कुशीवर वळवा ना हिला."

"घोरू दे गं," आत्या मागे न बघता पुटपुटली.

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. आत्यानं समोर बघत ओठांवर बोट ठेवलं.