पंगतीतली खुर्ची

१३ एप्रिल १९८९, बैसाखी. आमच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरला नवं छप्पर घालायला ५१,३४० रुपये लागणार होते आणि तेवढ्या रकमेचा चेक सुरैण सिंगच्या कोटाच्या खिशात होता. तो आमच्याच गावचा. कॅनडात लाकडाच्या वखारीत कमावून बारा वर्षांनी आला होता. जुने पत्रे दोन पावसाळे गळत होते. मी कमिटीचा खजिनदार. पाहुण्याचा मान म्हणून पंगतीच्या टोकाला खुर्ची-टेबल मीच मांडलं.

लंगरची चूल ईशर कौरच्या ताब्यात होती. सगळं गाव तिला बेबे, म्हणजे आई, म्हणे. सत्तेचाळीस साली फाळणीत ती लायलपूरकडून एकटी चालत आली, कित्येक दिवसांनी पोटभर जेवली ती आमच्या लंगरात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता कणीक मळायला बसली. पोटासाठी ती रजया शिवायची. कष्टाचं खावं, वाटून खावं, नाम घ्यावं, एवढं गुरू नानकांचं सांगणं तिला पुरत असे. अक्षरओळख नव्हती, सकाळचा पाठ मात्र तोंडपाठ होता.

सुरैण सिंग खुर्चीवर बसला. बेबे टोपली घेऊन ओळीने वाढत आली आणि त्याच्यापाशी थांबली. रोटी काही वाढेना. कमिटीच्या प्रधानांनी तिला हळूच छपराची आठवण करून दिली. ती म्हणाली, गळणारं पाणी सगळ्यांच्या ताटात सारखंच पडतं.

मग त्याच्याकडे वळली. "सुरैणा, तुझा बाप जोडे शिवायचा. जेवायला कुठे बसायचा?"

"इथेच, बेबे. ओळीत."

"आणि शेजारी?"

"परगण्याचे जैलदार, शंभर एकरांचे धनी."

"तिसऱ्या गुरूंनी बादशहालाही आधी पंगतीत बसवलं, म्हणून जैलदार तुझ्या बापाशेजारी बसले. आज तू खुर्ची घेतलीस, तर उद्या त्यांचा नातू घेईल. मग तो वर आणि तुझे चुलते खाली. चालेल?"

माझी नजर त्याच्या खिशावर होती. तो हळूच म्हणाला, पँट फार घट्ट आहे.

"उसवली तर शिवून देईन. आयुष्यभर तेच केलंय."

तो खाली उतरून मांडी घालू लागला आणि शिवण टर्रकन गेली. सगळी ओळ हसली, सर्वांत जास्त तोच. त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, बेबेने दोन रोट्या ठेवल्या. जेवणानंतर तिने रजईच्या जाड दोऱ्याने पँट शिवली, तोवर तो चादर गुंडाळून बसला होता. त्या चादरीतच त्याने मला चेक दिला.

पावसाआधी छप्पर झालं.

खुर्ची कोणी मांडली, हे बेबेने त्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं. पाच दिवस पंगतीची भांडी घासायची, असं तिने ठरवून दिलं. चार दिवस घासली. पाचव्या दिवशी माझ्या नोकरीच्या बँकेत ऑडिट लागलं, जाता आलं नाही. बेबे आता नव्वदीत आहे. लाटणं सुटलं, पण रोज बसून कणकेचे गोळे करते.

एका दिवसाची भांडी माझ्याकडे बाकी आहेत.