‘होय’ची कोंबडी

दाभोशाच्या वरच्या पाड्यावर रुपी सुईण राहायची. तेव्हा राज्य जव्हारच्या राजाचं होतं आणि जव्हारला दवाखानाही होता. पण तिथवर चालत जायचं तर पोटातलं पोर वाटेतच चालायला शिकेल, असं लोक म्हणत. त्यामुळे दिवस गेले की नाही, हे रुपीचा हातच सांगे.

तिची वेळ ठरलेली. महिना चुकल्यावर दोन अमावास्या जाऊ द्यायच्या आणि मग सकाळी अनशापोटी यायचं. कुणी घाईनं आधीच आली, की रुपी तिला दारातूनच पिटाळी, "मूळ धरलं का बघाया भाताचं रोप उपटतेस का गो?"

मोल एक कोंबडी, आणि तीही ‘होय’ निघालं तरच. बाईनं कोंबडी काखेत घेऊन चढण चढायची. ‘होय’ असलं तर कोंबडी रुपीच्या डालग्याखाली राही. ‘नाय’ असलं तर आली तशी काखेतून परत. खालच्या पाड्यानं उतरणाऱ्या बाईची काख बघायची आणि समजायचं. रिकाम्या कुशीच्या बाईला दारोदार तोंड उघडावं लागू नये म्हणून रुपीनंच ही रीत घातली होती. एवढी शहाणी रीत एका कोंबडीच्या भरवशावर चालली होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या वर्षी सगळ्यांचे डोळे खालच्या पाड्यावरच्या हिरीच्या काखेकडे होते. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलेना. सासू गौरानं सांगून टाकलं होतं, होळीआधी बातमी आली नाही तर वांगणीची मालू आपल्या नवसूला दुसरी बायको करायची. गौरा दुष्ट नव्हती. तिला नातवंड हवं होतं, आणि तेही डोळ्यांना दिसतंय तोवर. नवसू आईपुढं बोलत नसे. बायकोपुढंही बोलत नसे. तेवढा तो न्यायी होता.

होळी तोंडावर आली तेव्हा कुठं हिरीची दुसरी अमावास्या सरली. ती तांबडी कोंबडी घेऊन वर गेली. रुपीनं तिला आडवं केलं आणि डोळे मिटून पोटावर हात ठेवला. हात इकडे सरके, तिकडे सरके, थांबे. हिरी श्वास धरून छपराच्या गवतकाड्या बघत होती.

"सोड श्वास," रुपी म्हणाली. "तुझ्या पोराला पण घ्यायचाय."

हे कळायला हिरीला जरा वेळ लागला, आणि कळलं तशी ती उठता उठता भोवंडून पडली. रुपीनं पाणी मारलं, नागलीची आंबील पाजली आणि बजावलं, "आज हितंच पड. उद्या उतर." या गडबडीत कोंबडीवर डालगं घालायचं राहिलं.

कोंबडीला कुठली रीत? सांजावलं तशी ती आपल्या खुराड्याकडं निघाली.

गौरानं अंगणात कोंबडी बघितली. कोंबडी आली, म्हणजे ‘नाय’. हिरी आली नाही, म्हणजे लाजून माहेरी जामसरला गेली. सकाळी उजाडताच सासरा लक्ष्या मोहाच्या दारूचा बुधला घेऊन वांगणीच्या वाटेला लागला. पोरीच्या अंगणात दोन्ही बापांनी दारूचा द्रोण तोंडाला लावला की सोयरीक पक्की. मग ती देवालाही मोडता येत नाही.

थोड्या वेळानं हिरी हसत, रिकाम्या काखेनं उतरली.

"कोंबडी कालच आली," गौरा तिच्याकडं न बघता म्हणाली. "तुला आज वाट गावली?"

"आय, रुपीआय होय म्हणाली!"

"आता कुणीबी होय म्हणल. सवत दिसाया लागली की वांझ दगडाला बी डोहाळे लागतात."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. मोकळं डालगं बघून रुपी गुडघा ओढत उतरली होती. बाळंतपणाखेरीज ती कधी खाली येत नसे.

"गौरे, कोंबडी पळाली. पोर नाय पळालं. लक्ष्या कुठं हाय?"

गौरानं वांगणीकडं बोट केलं.

आयुष्यात पहिल्यांदा नवसू कुणी न सांगता हलला. त्यानं पुरावा म्हणून कोंबडी उचलली, काखेत मारली आणि धावला.

"अरे मुडद्या!" रुपी ओरडली. "काखेत कोंबडी बघून बाप ‘नाय’च समजंल! ती ठेव, मला उचल!"

मग नवसूच्या पाठीवर बसून रुपी निघाली. चढावर ती त्याला शिव्या देई, उतारावर देवाला. मध्येच तिला शंका आली. आपला हात चुकला असला तर? हात म्हातारा झाला होता. तिनं तो नवसूच्या खांद्यावर ठेवून पुन्हा आठवून बघितला. नाही. मूळ धरलेलं होतं.

वांगणीला मालूच्या अंगणात पानांचे द्रोण भरलेले. लक्ष्यानं द्रोण ओठाशी नेला होता.

"लक्ष्या! पिशील तर नातवाची शपथ!"

लक्ष्या दारू आणि रुपी यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं द्रोण जमिनीवर ओतला, देवाच्या नावानं. मालूचा बाप रागानं उठला. पण दाराआडून मालूनं सुटकेचा असा मोठा सुस्कारा सोडला की तो पुन्हा खाली बसला.

पावसाळा सरता सरता हिरीला मुलगी झाली. नातू नाही म्हणून गौरा अर्धा दिवस रुसली. मग नातीनं तिचं बोट धरलं.

रुपीचं मोल द्यायला गौरा स्वतः चढण चढली. कोंबडी दुसरी होती. तिचे पाय गौरानं आपल्या हातांनी सुंभानं इतके करकचून बांधले होते, की रुपीला गाठ सुटेना.

"अगो, जीव जाईल तिचा!"

"जाऊ दे," गौरा म्हणाली. "पर परत नाय आली पायजे."