कानाच्या कॅम्पाला माझा भोंगा

सरपंच माईकवर बोलत होते आणि त्यांच्या मागंच व्हरांड्यात परभणीहून आलेल्या कानाच्या मॅडम पोरांचे कान तपासत होत्या. झरीकडच्या एका गावातली शाळा, नाव सांगत नाही. मंडप माझा, बॉक्स माझे, भोंगा माझा. कान तपासायच्या कार्यक्रमाला साउंड सांगायची अक्कल मात्र हेडमास्तरची.

आधी सत्कार. शाल, नारळ, परत शाल. तिकडं पोरं एकामागून एक नापास. ऐकू येत नाही म्हणे. कसं येईल? माझं मला येत नव्हतं.

त्यात शिवलीला, तिसरीतली. बोलताना अर्धे शब्द खायची, वाचायला उठवलं की रडायची. हेडमास्तरनं तिच्या आईला सांगूनच टाकलं होतं, "पोरगी बहिरी हाय. परभणीला बहिऱ्यांच्या शाळेत घाला. आमच्यानं न्हाई होत." सरपंचाच्या हातानं तिला कानाचं मशीन द्यायचं ठरलेलं. फोटोवाला तयार. आई पदर तोंडाला लावून उभी.

मॅडम माझ्याकडं आल्या. "काका, हे बंद करा."

"सरपंच बोलायलेत."

"म्हणूनच."

मला कमल आठवली, माझी बायको. म्हणायची, 'आधी ते डबडं बंद करा, मग बोला.' ती गेली. आता घरात डबडं बंदच असतं, बोलायला कुणी नाही.

मी मेन स्विच पाडला. सरपंचाचं तोंड तसंच हलत राहिलं.

"आप्पा, लाईट गेली का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई, मीच बंद केलं. पोरीचे कान बघायलेत."

"अन् माझं भाषण?"

"तोंडी करा की!"

बाया फिसकन हसल्या. सरपंच खाली बसले.

मॅडमनी शिवलीलेला वर्गात नेऊन दार लावलं. आई आत, मी खिडकीशी. यंत्रानं कान ठणठणीत सांगितले. मग मॅडमनी समोर चित्रं मांडली, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं कागद धरून शब्द बोलल्या, पोरीनं त्या त्या चित्रावर बोट ठेवलं. सगळं बरोबर. मग मोबाईलवर बाजाराचा गलका लावला, बारीक, आणि परत तेच शब्द. पोरगी गडबडली. बोट कुठंही.

"कान चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या. "आवाज पोचतो, पण मेंदूला तो निवडता येत नाही असं दिसतंय. मशीन लावलं तर गलकाच वाढेल. परभणीला आणा, नीट तपासू."

माझ्या मिक्सरवर हरेक माईकला वेगळं बटन असतं. एक वाढवायचा, दुसरा दाबायचा. या पोरीच्या डोक्यात सगळे माईक एकाच बटनावर. मास्तर, पंखा, शेजारच्या वर्गाचे पाढे, सगळं सारखंच. शब्दातले आवाज वेगळे निघत नाहीत, मग वाचणार कसं?

"मग मशीन कुणाला द्यायचं?" हेडमास्तरला तेवढीच काळजी.

"तुमीच लावा," शिवलीलेची आई म्हणाली. पहिल्यांदाच बोलली.

शिवलीला त्याच शाळेत आहे. पुढच्या बाकावर. मास्तरला तिच्याकडं बघून सावकाश, थोडं थोडं बोलायला सांगितलंय. तेवढ्यानंच तो दमतो. परभणीच्या चकरा चालू आहेत. पोरगी वाचते, हळू वाचते, पण रडत नाही.

सरपंचानं मला परत काम दिलं नाही. आता पूर्णेचा डीजे येतो. पुढचा कॅम्प डोळ्यांचा आहे म्हणतात. तो अंधारात घेऊ नका, एवढंच माझं सांगणं.