दांड्याची लसूण

माझे आयुष्य दफ्तरात अक्षरे वळवण्यात गेले. मातीत हात घातला तो केस पिकल्यावर, आणि तोही भीतभीतच.

शेजारच्या शिलेदारांनी उत्तरेच्या स्वारीहून तिकडच्या थंड मुलखातली लसूण आणली होती. तिच्या मधोमध ताठ दांडा आणि भोवती एकाच फेरात जाड पाकळ्या. कांदेनवमीच्या आदल्या दिवशी ते आळीत घरोघरी एकेक गड्डा देत. नवमीला तो संपायचा, कारण एकादशीला चातुर्मास लागला की कांदा-लसूण स्वयंपाकघरातून हद्दपार. या गड्ड्यामुळे आळीत शिलेदारांना मोठा मान होता.

बियाणे मागण्याचा धीर करायला मला दोन वर्षे लागली. त्यांनी हसत दिले. मी कार्तिकात पाकळ्या लावल्या, हौदावरून पाणी आणून घातले. माघ सरता सरता दांडे वर आले आणि टोकाशी वळले.

"यांचे काय करावे?" मी विचारले.

"हात लावू नका, पंत. फुलू द्या. फूल आले की खाली गड्डा भरतो."

चैत्रात उपटले, तर एकेक गड्डा सुपारीएवढा. शिलेदार कुंपणावर रेलून पाहतच होते.

"अहो, या, या!" त्यांनी आळीला हाक दिली. "पंतांनी सुपारी पिकवली! येताना पाने तेवढी आणा!"

सगळे हसले. मीही हसलो.

पुढे आमच्या घरातून कळले, की शिलेदारांकडे फाल्गुनात त्या कोवळ्या दांड्यांची भाजी असते. म्हणजे दांड्याचा जोर खाली गड्ड्यात उतरावा म्हणून स्वतः ते दांडे खुडत होते. मला मात्र जाणूनबुजून फसवले होते.

भांडण मला जमत नाही. राग मात्र मी दफ्तराच्या रुमालात बांधलेल्या कागदासारखा नीट जपला.

पुढच्या वर्षी त्या सुपारीएवढ्या गड्ड्यांतल्याच मोठ्या पाकळ्या निवडून लावल्या, शेणखत घातले आणि दांडा वळताच खुडला. प्रत्येक दांडा मोडताना मला शिलेदारांची मान आठवे. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. गड्डे मुठीएवढे झाले.

शिलेदार अष्टमीला निघत. मी सप्तमीलाच गड्डे वाटायला निघालो. प्रत्येक दारात एकेक गड्डा दिला, एकही घर सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मी शिलेदारांची फेरी ऐकत राहिलो.

"अहो, पंत कालच देऊन गेले. आता आणखी कशाला? नवमीनंतर खाणार कोण?"

दारामागून दारे झाली. शेवटी ते भरली टोपली घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"दांडे खुडलेत वाटते, पंत."

"आपल्याच घरची रीत," मी म्हणालो. "भाजी उत्तम होते."

त्यांचा चेहरा उतरला. तरीही त्यांनी टोपलीतला एक गड्डा माझ्यापुढे धरला.

"राहू द्या," मी म्हणालो, "आमच्याकडे पुष्कळ आहे."

ते वळले. मला दया यायला हवी होती. ती आली नाही. त्यांचे दार लागेपर्यंत मी डोळे भरून पाहत राहिलो.